न बोलावतां जमलेली मंडळी

स्नेह्यांकडे जावयाचें झाल्यास आठ दिवस आधीं ठरवावें, चार दिवस आधीं आठवण द्यावी, आदल्या दिवशीं पुन्हां विचारून खात्री करून घ्यावी, आणि ठरल्या वेळीं दोन तास बसून परत यावें, अशी रीत आतां सर्वत्र पडली आहे. ती सोयीची आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. नोकऱ्या दूर, रस्ते गर्दीचे, मुलांच्या शिकवण्या रात्रीपर्यंत चाललेल्या. अशा स्थितींत न कळवतां कोणाच्या दारीं उभें राहणें हें धारिष्ट्याचें काम झालें आहे. मोठ्या सोसायट्यांतून तर दारापर्यंत पोंचण्यापूर्वीं फाटकावरील रखवालदारास नांव, गांव व काम सांगावें लागतें. तथापि या साऱ्या व्यवस्थेंत एक आनंद हळूहळू नाहींसा होत चालला आहे, व त्याविषयीं या महिन्यांत वाचकांशीं चार शब्द बोलावे असें आम्हांस वाटतें. तो आनंद म्हणजे न ठरवतां चार स्नेही एकत्र जमण्याचा. आणि त्यांतही, घरांतल्या भट्टींत कांहीं तरी भाजलें जात असतां जमण्याचा.

‘स्नेही जमणें समजलें, पण त्यांत भट्टीचा संबंध काय? पोह्यांनीं किंवा भज्यांनीं काम भागत नाहीं काय?’ असें कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे, आणि आजच्या लेखाचा भर त्याच्याच उत्तरावर आहे. परंतु त्याकडे वळण्यापूर्वीं आपल्याकडील अवचित येण्याजाण्याच्या रीतीचा थोडा विचार करणें अवश्य आहे.

‘अतिथि’ हा शब्द व्याकरणाचे जाणते ‘अत्’ म्हणजे सतत चालणें या धातूपासून साधतात. परंतु लोकांच्या मनांत बसली ती दुसरीच फोड: ज्याच्या येण्यास तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लींत गुरुगृहाहून निघणाऱ्या शिष्यास जो उपदेश केला आहे, त्यांत माता, पिता व आचार्य यांच्या जोडीला अतिथीसही देव मानावयास सांगितलें आहे. हा उपदेश आपण बहुतेकांनीं लहानपणीं पाठ केलेला असतो. मात्र तो म्हणून दाखविणारा बहुधा ओटीवर बसलेला असे, आणि आचरणांत आणणारी स्वयंपाकघरांत उभी असे.

ही गोष्ट स्पष्टपणें बोलणें जरूर आहे. वाड्यांतील जुन्या आदरातिथ्याच्या आठवणी निघाल्या म्हणजे आपण हळहळतों. ओटीवर सतरंजी पसरलेली असे, पानाचें तबक फिरत असे, एकाचे दोन व दोनांचे सात केव्हां झाले हें कोणास कळत नसे. माजघराच्या उंबऱ्याआडून सासूबाई बोटांनीं संख्या दाखवीत, आणि आंत धाकटी सून पुन्हां परात पुढें ओढी. ओटीवर हशा पिकला म्हणजे तो तिच्या कानांवर येई. कशाचा हशा, तें मात्र तिला कळत नसे. मंडळी गेल्यावर घरचे पुरुष ‘आज मोठी मजा आली’ असें म्हणत, व तें खरेंही असे. पण त्या मजेचा हिशेब वहीच्या दोन्ही बाजूंस मांडला पाहिजे. न कळवतां येण्याची रीत मागें पडली, तिला एकटा दूरध्वनि कारण नाहीं. घरांतील स्त्री नोकरीस लागली, कुटुंबांतील हात कमी झाले, आणि दुसऱ्यांचा आनंद उभ्याउभ्या तळून देण्याचें तिनें हळूहळू नाकारलें, हेंही कारण आहे. तिचा नकार आम्हांस सर्वथा योग्य वाटतो. म्हणून जुनी रीत होती तशी परत आणावी, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. आनंद परत यावा, आणि त्याचा भार एकीवर पडूं नये, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

आतां भज्यांच्या प्रश्नाकडे येऊं. भजें कढईंतून निघाल्यापासून फार तर पांच मिनिटें खरें. पुढें तें मऊ पडतें. तेव्हां खाणारे बाहेर आणि तळणारी आंत, ही वांटणी त्या पदार्थाच्या स्वभावांतच आहे. पुऱ्या, वडे, थालीपीठ, घावन, सर्वांची हीच कथा. शेवटचा घावन तव्यावरून उतरेपर्यंत करणारीची बशी कोरडीच राहते. भाजण्याच्या पदार्थाचें याच्या अगदीं उलट आहे. त्याचें सारें काम आधींचें असतें. चाळणें, फेटणें, गोळे वळणें यांत अर्धा तास जातो, आणि तें काम चार जणांनीं वांटून घेण्याजोगें असतें. एकदां ताट भट्टींत गेलें कीं, मग कोणालाच कांहीं करावयाचें उरत नाहीं. जवळ उभें राहिल्यानें तें लवकर होत नाहीं. करणारी हात धुते आणि इतरांबरोबर येऊन बसते. अर्ध्या-पाऊण तासानें पदार्थ बाहेर येतो, तो एकदमच सर्वांचा येतो; त्यांत पहिली पंगत व दुसरी पंगत हा भेद नाहीं. घरच्या भट्टीचें खरें महत्त्व आमच्या मतें या एका गोष्टींत आहे. ती घरच्या बाईला तिच्याच घरच्या बैठकींत बसविते.

दुसरी गोष्ट वाट पाहण्याची. दह्यांतील आंबटपणा व सोडा यांचा संयोग होतांच कार्बन डायऑक्साइड वायूचे बुडबुडे उठूं लागतात. तेच पिठांत अडकून केक फुगतो. म्हणून मिश्रण कालविल्यावर तें ताबडतोब भट्टींत गेलें पाहिजे, आणि पहिलीं वीस मिनिटें तरी भट्टीचें दार उघडतां कामा नये. आंतील पीठ घट्ट होण्यापूर्वीं थंड हवा लागली, तर फुगलेला केक मध्येंच खचतो. कितीही घाई असली तरी येथें इलाज नाहीं. घड्याळाकडे पाहून उठणारा मनुष्यही ‘आतां एवढें होऊं द्या’ म्हणून थांबतो. आजकाल कोणाजवळ मोकळा पाऊण तास मागितला तर तो मिळत नाहीं. भट्टी मात्र तो मागून घेते, आणि कोणी कुरकुर करीत नाहीं. पुढें पृष्ठभाग तांबूस होऊं लागला कीं वास सुटतो. साखर व प्रथिनें यांच्यांत उष्णतेनें होणारी ही क्रिया फ्रेंच रसायनज्ञ मायार यांनीं 1912 सालीं प्रथम वर्णिली, म्हणून शास्त्रांत ती त्यांच्या नांवानें ओळखली जाते. त्या वासानें भिंतीपलीकडचे शेजारीही येतात, हें सांगण्यास मात्र रसायनशास्त्राची गरज नाहीं.

ओव्हन म्हटला कीं आपल्यांतील वडील मंडळींस ती परकी वस्तु वाटते. वास्तविक खालून व वरून आंच देऊन भाजण्याची युक्ति आपल्या घरांत फार जुनी आहे. कोंकणांत पावसाळ्याच्या अखेरीस मांडवावर मोठमोठीं तवशीं लोंबूं लागलीं म्हणजे त्यांचें धोंडस होतें. कोणी त्यास तवसोळी म्हणतात. तवसें किसून त्याचें पाणी राखून ठेवावयाचें, त्याच पाण्यांत तुपावर परतलेला तांदळाचा जाडसर रवा शिजवावयाचा, गूळ, ओलें खोबरें व वेलदोडा घालावयाचा, आणि मग तें जाड बुडाच्या पातेल्यांत घालून खालीं मंद विस्तव व वर झांकणावर निखारे ठेवावयाचे. निखारे विझत आले कीं बदलावयाचे, तेवढेंच काय तें काम. बाकीचा वेळ चुलीच्या भोंवतीं बसून गोष्टींत जात असे. गोव्यांत नाताळासाठीं ख्रिस्ती घरांतून होणारी बेबिंका हीही याच जातीची. अंडीं, नारळाचें दूध व साखर यांचें मिश्रण पातेल्यांत थोडें ओतावयाचें, वरच्या आंचेनें भाजावयाचें, त्यावर दुसरा थर ओतावयाचा, असे सात थर तरी व्हावे लागतात. एकट्यानें इतका वेळ चुलीपाशीं बसणें कंटाळवाणें; सोबतीला माणसें असलीं म्हणजे तेंच काम सण होऊन जातें.

पाव-बिस्किटांचा मार्ग मात्र आपल्या घरांत यावयास मोठा वळसा घेऊन आला. 1890 सालच्या ऑक्टोबर महिन्यांत पुण्याच्या पंचहौद मिशनांत व्याख्यानाच्या निमित्तानें शहरांतील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. त्यांत न्यायमूर्ति रानडे होते व लोकमान्य टिळकही होते. व्याख्यानानंतर यजमानांनीं चहा व बिस्किटें पुढें केलीं. कोणीं तीं घेतलीं, कोणीं चहाच्या पेल्यास नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें वृत्तपत्रांत छापून आणलीं, आणि मग जें ग्रामण्य माजलें तें शंकराचार्यांच्या दरबारापर्यंत जाऊन पोंचलें. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें; रानड्यांनीं पुढें 1892 सालीं प्रायश्चित्त घेतलें, तें स्नेह्यांच्या अडचणीकडे पाहून. एक पेला चहा व एक बिस्किट यांपायीं लेकीबाळींचें माहेरीं येणें अडावें, श्राद्धास ब्राह्मण मिळूं नये, अशी ती अडचण होती. आज त्या प्रकरणाचें हसूं येतें. तरी त्यांतील एक गोष्ट विसरण्याजोगी नाहीं. कोणाबरोबर बसून काय खाल्लें, यावरून त्या काळीं माणसाचें घर ठरत असे. आपण आज कोणासही आंत बोलावून ताट पुढें करतों, तो मोकळेपणा आपल्या पणजोबांच्या पिढीनें मनस्ताप सोसून मिळविलेला आहे. तो मिळाल्यावर आपण दारच लावून घेतलें, तर त्याचा उपयोग काय?

त्यानंतरच्या काळांत नानकटाईनें मोठें काम केलें. सतराव्या शतकांत सुरतेस डचांची वखार होती, आणि नानकटाईची जन्मकथा तेथल्याच भट्टीशीं जोडून सांगितली जाते. तिच्यांत अंडें नाहीं, तूप भरपूर. तेव्हां ती आपल्या घरांत निर्वेध शिरली. पुण्यामुंबईकडे दिवाळीपूर्वींच्या दिवसांत घरीं पीठ फेटून, डबा कांखेस मारून बायका पेठेंतल्या बेकरीवर जात. बेकरीवाल्याच्या काळ्या पत्र्यांवर तेथेंच बसून गोळे थापीत, पत्र्यावर आपल्या नांवाची चिठ्ठी लावीत, आणि नंबर लागेपर्यंत थांबत. या रांगेंत कोणास कोणाचें आमंत्रण नसे. ब्राह्मणआळींतील काकू, पलीकडच्या वाड्यांतील शिंपीणबाई, बोहऱ्यांच्या घरची सून, अशा सर्व जणी एकाच बाकावर बसून वाट पाहत, आणि कोणाची नानकटाई हंसली, म्हणजे तिला चिरा कशा पडल्या, याची तुलना करीत. आमच्या घरांतील आजी आजही म्हणतात कीं, फराळापेक्षां त्यांस त्या बाकाचीच वाट असे.

पुढें विजेचा गोल अल्युमिनियमचा ओव्हन आला. झांकणावरच्या कांचेच्या लहानशा खिडकींतून डोकावण्यासाठीं मुलांची झुंबड उडे. ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांनीं कुकरांत वाळू तापवून, शिट्टी व रबर काढून ठेवून, केक भाजले. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नें 1970 सालीं वाटी-चमच्याचें माप घरोघर नेलें. भाजण्याच्या पदार्थास माप चालते अंदाज चालत नाहीं, हें तेव्हांपासून आपल्या अंगवळणीं पडलें. आतां लहान विजेची भट्टी पुष्कळ घरीं असते. दुःखाची गोष्ट एवढीच कीं, तिचा उपयोग बहुधा वाढदिवसापुरता होतो, आणि एरवीं तिच्यावर टोस्टरचें झांकण व जुने डबे विसांवा घेतात.

ती तशी न ठेवतां उघडली तर काय होतें, याचें एक उदाहरण सांगतों. गेल्या आषाढांतील शनिवार होता. पाऊस सकाळपासून लागलेला. आमच्या सूनबाई शाळेंत शिकवितात. त्यांच्या शाळेंतील एक वयानें मोठ्या शिक्षिका वाटेवर घर म्हणून घेतलेलें पुस्तक परत द्यावयास आल्या. सूनबाई नानकटाईसाठीं तूप फेटीत होत्या.

‘‘मी बसत नाहीं हो बाई, नुसतें पुस्तक द्यायला आलें,’’ त्या दारांतूनच म्हणाल्या.

‘‘मग बसूं नका. उभ्याउभ्या गोळे वळा,’’ असें म्हणून सूनबाईंनीं परात पुढें केली.

त्या आंत आल्या. आजींनीं खुर्ची ओढून घेतली व जायफळ किसावयास घेतलें. वरच्या मजल्यावरचे निवृत्त शेजारी दिव्याचें बिल दाखवावयास खालीं आले, ते वासानें थांबले. धाकट्या नातवानें गोळ्यांवर चारोळ्या लावल्या. कांहीं वर तीन, कांहीं वर एकही नाहीं. पत्रे भट्टींत गेले, आणि सर्व जण स्वयंपाकघरांतच, मिळेल त्या पाटावर व डब्यावर बसले.

शाळा, पाऊस, भाज्यांचे भाव, अशा गोष्टी थोडा वेळ झाल्या. मग त्या शिक्षिका एकाएकीं म्हणाल्या, ‘‘नाना मला आतां ओळखत नाहींत. काल मला ‘आपण कोणाकडे आलांत?’ म्हणून विचारलें.’’ नाना म्हणजे त्यांचे वडील. वर्षभर त्यांची स्मृति जात होती. शाळेच्या वेळांत त्यांच्याजवळ बसावयास माणूस टिकत नव्हता, आणि नोकरी सोडावी कीं काय अशा विचारांत त्या होत्या. दोन वर्षें एका शिक्षकदालनांत बसून सूनबाईंस याची वार्ता नव्हती. क्षणभर कोणी बोललें नाहीं. आजींनीं त्यांच्या हातावर हात ठेवला. मग वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, ‘‘दुपारीं मला कांहीं काम नसतें. आठवड्यांतून दोन दुपारी मी त्यांच्याशीं पत्ते खेळत बसेन. मला हरायची संवय आहे.’’ ते आजही मंगळवारीं व शुक्रवारीं जातात. इतर दिवसांची व्यवस्था दुसऱ्या दोघां स्नेह्यांनीं वांटून घेतली, आणि त्या शिक्षिकेची नोकरी राहिली.

यांत भट्टीनें कांहीं चमत्कार केला असें नव्हे. पण विचार करावा. ठरवून बोलावलेल्या भेटीला माणूस नीट वेष करून येतो, आणि मनालाही तसाच वेष घालून येतो. दुःख घरीं ठेवून येणें ही तेथील सभ्यता असते. हात पिठानें माखलेले, बसावयास पालथा डबा, समोर कोणीही खास यजमान नाहीं, आणि वीस मिनिटें जाणें शक्य नाहीं, अशा वेळीं मात्र जें बोलावयाचें नव्हतें तें बोललें जातें. अडचणी सांगितल्या गेल्या तरच वांटून घेतल्या जातात. अवचित जमण्याचा आनंद म्हणून आम्ही ज्याला म्हणतों, त्याच्या तळाशीं हा आधार आहे.

आतां एकत्र कुटुंबांतील वडील मंडळींस एक गोष्ट आदरपूर्वक विचारावयाची आहे. आपल्या घरीं मुलाचे मित्र केव्हांही येतात. त्यांस कोणी ‘कां आलांत’ म्हणून विचारीत नाहीं. सासऱ्यांचे स्नेही येतात, सासूबाईंच्या भजनी मंडळांतील भगिनी येतात. सुनेची मैत्रीण मात्र येते ती हळदीकुंकवाला, नाहीं तर सुनेनें दोन दिवस आधीं सर्वांस सांगून ठेवल्यावर. कोणी तिला मनाई केलेली नसते. परंतु आपली मैत्रीण अवेळीं आली तर घरांत कोणाच्या कपाळास आंठी पडेल, हा हिशेब तिच्या मनांत सतत चाललेला असतो, आणि म्हणून ती कोणास ‘ये’ म्हणत नाहीं. लग्न होऊन आल्यापासून दहा वर्षांत तिच्या एकाही मैत्रिणीनें सहज म्हणून दाराची कडी वाजविली नाहीं, अशीं सुखवस्तु व सुशिक्षित घरें आमच्या पाहण्यांत आहेत. ज्या घरांत आपलें माणूस अवचित येऊं शकत नाहीं, तें घर पूर्णपणें आपलें झालें असें कोणास वाटेल? सासूबाईंनीं एकदां आपण होऊन ‘तुझ्या त्या मैत्रिणीला बोलाव ना, भट्टी लावूं’ एवढें म्हणावें. पुढचें आपोआप होईल.

पुरुषांसही थोडें काम आहे. चाळणी धरणें, तुपाचा हात लावून पत्रे तयार करणें, चहा गाळणें व शेवटीं चिकटलेलीं भांडीं घासणें, यांपैकीं कोणत्याही कामास शास्त्रानें त्यांस बंदी केलेली नाहीं. भांडीं एकीवर राहिलीं तर भट्टीनें वांचविलेला वेळ मोरींत जाईल, आणि आमचा सारा युक्तिवाद फुकट जाईल.

तयारी म्हणाल तर ती फारशी नको. मैदा, बारीक रवा, पिठीसाखर, गूळ, तूप, दही, सोडा व बेकिंग पावडर एवढें घरांत असलें म्हणजे पुरे. नानकटाईस एक वाटी घट्ट तूप व वाटीला थोडी कमी पिठीसाखर हीं एकत्र करून पांढरीं व हलकीं होईपर्यंत फेटावीं. त्यांत दोन वाट्या मैदा, पाव वाटी बेसन, पाव वाटी रवा, चिमूटभर सोडा व जायफळ घालून हलक्या हातानें गोळा करावा. मळूं नये. 160 अंशांवर अठरा ते वीस मिनिटें पुरतात. बाहेर काढतांना ती मऊ लागते, म्हणून पुन्हां आंत ढकलूं नये. निवतांना ती आपोआप खुसखुशीत होते. मंडळी अधिक वेळ बसणारी असली तर रव्याचा केक बरा. दीड वाटी बारीक रवा, एक वाटी दही, एक वाटी साखर व अर्धी वाटी पातळ तूप हीं एकत्र करून अर्धा तास झांकून ठेवावीं, मग लागेल तसें दूध, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर व अर्धा चमचा सोडा घालून 180 अंशांवर पस्तीस ते चाळीस मिनिटें भाजावा. सुरी घालून ती कोरडी निघाली म्हणजे झाला. कोणास साखर वर्ज्य असेल तर नानकटाईच्याच पद्धतीनें, साखरेऐवजीं मीठ, ओवा व मिरपूड घालून खारी बिस्किटें करावीं. यांपेक्षां अधिक पदार्थ करूं नयेत. एकाचे तीन पदार्थ झाले कीं बैठकीची मेजवानी होते, आणि मेजवानी झाली कीं पुन्हां आठ दिवस आधीं ठरवावें लागतें.

येणारांनींही कांहीं पथ्यें पाळावीं. दार उघडणारीचा चेहरा पाहावा. घरांत आजारी माणूस असेल, मुलांची परीक्षा असेल, तर दारांतूनच हंसून परत फिरावें व राग मानूं नये. परत फिरण्याची तयारी ज्याच्याजवळ आहे, त्यालाच न कळवतां येण्याचा अधिकार आहे. जेवणाच्या वेळेपर्यंत रेंगाळूं नये. घराच्या पसाऱ्याकडे डोळे लावूं नयेत. आणि घरच्यांनींही ‘पसारा आहे हो’ ही क्षमायाचना करूं नये, कारण पसारा नसलेलें घर कोणाचेंच नाहीं. पदार्थ थोडा करपला तर तो तसाच आनंदानें खावा.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज दोनच वृद्ध माणसें मागें राहिलीं आहेत. मुलें परगांवीं वा परदेशीं. त्या घरांतील दाराची घंटा दूधवाल्याखेरीज कोणी वाजवीत नाहीं. त्यांच्याकडे जाण्यास आमंत्रणाची वाट पाहूं नये, कारण आमंत्रण देण्याचा त्यांस संकोच वाटतो. तूप व मैदा पिशवींत घालून जावें, आणि ‘तुमची भट्टी चालते का पाहूं’ म्हणावें. हा महिना संपण्यापूर्वीं प्रत्येक वाचकानें असें एक दार वाजवावें, आणि आपल्या दारावर कोणी थाप मारली तर हातांतील काम न टाकतां त्यालाच त्यांत ओढून घ्यावें, एवढीच आमची विनंति आहे.